लातुरात बसून स्कीला वॅक्स करायचंय? अवजारं कोणती घ्यायची, कशी वापरायची

आमच्याकडं बर्फ म्हणजे रसवंतीतला, तरी आता लातूर, नांदेड, संभाजीनगरची पोरं औली-गुलमर्गला स्कीचा, म्हणजे पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फावर घसरायचा, कोर्स करून यायलीत आणि त्यातल्या एखाद्याला सपाटीवरची क्रॉस-कंट्री स्कीच आवडते, मग तो जोडी विकत घेतो आणि प्रश्न येतो की वॅक्स, म्हणजे स्कीच्या तळाला मेण, कुणी करायचं. मी सांगतो, स्वतः करा. आणि निम्मं काम इथं घरीच करून जा, कारण तिकडं कुडकुडत, लॉजच्या खोलीत, उधारीच्या अवजारानं ते नीट होत नाही.

आधी एवढं डोक्यात बसवा की या स्कीला वॅक्स दोन प्रकारचं लागतं. पुढच्या आणि मागच्या भागाला घसरायचं, म्हणजे ग्लाइड वॅक्स, आणि बुटाच्या टाचेपासून पुढं साधारण 50-60 सेंमी पट्ट्याला पकडीचं, म्हणजे किक वॅक्स. किकच्या पट्ट्यावर ग्लाइड वॅक्स गेलं की चढावर पाय मागं सटकतो, म्हणून पट्ट्याची हद्द स्कीच्या बाजूला मार्करनं आखून ठेवा. तुमच्या स्कीला त्या जागी केसाळ पट्टी चिकटवलेली असेल तर किक वॅक्सचा विषयच नाही, फक्त ग्लाइड करा.

ग्लाइडचं काम घरी होतं. त्यासाठी आधी स्की उलटी ठेवायला काहीतरी पाहिजे. दोन स्टुलांवर ठेवली तर मधे कमान असल्यामुळं दाबलं की वाकते, म्हणून सुताराकडून स्कीच्या लांबीची एक फळी करून घ्या, मधे बाइंडिंग, म्हणजे बूट अडकवायचा भाग, बसेल अशी खाच ठेवून. खर्च फार नाही आणि आयुष्यभर टिकते.

इस्त्रीवर मात्र पैसे वाचवू नका. मी पहिल्यांदा घरातली कपड्याची इस्त्री वापरली होती, तिचं तापमान वरखाली होत राहतं आणि तळाला वाफेची भोकं असतात त्यात वॅक्स भरतं, तर माझ्या स्कीचा तळ एका जागी जळून कडक झाला आणि तिथं नंतर वॅक्स मुरलंच नाही. वॅक्सच्या इस्त्रीची प्लेट जाड असते, गरमी एकसारखी धरून ठेवते. मऊ वॅक्सला 120 अंशांच्या आसपास, कडाक्याच्या थंडीच्या कडक वॅक्सला 150 च्या आसपास, नेमका आकडा पाकिटावर असतो. धूर निघाला की समजा जास्त झालं, लगेच कमी करा, आणि खिडक्या उघड्या ठेवा, तो वास छातीत जायला नको. जुन्या स्टॉकमधलं फ्लोरोवालं, म्हणजे फ्लोरिन घातलेलं, वॅक्स कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, 2023-24 च्या हंगामापासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत त्यावर बंदीच आहे आणि तब्येतीलाही वाईट.

इस्त्रीला वॅक्स टेकवून, किकचा पट्टा सोडून, स्कीच्या तळाला मधे लांबीभर जी खाच असते तिच्या दोन्ही बाजूंनी थेंबांची रेघ पाडायची, मग तेवढ्याच भागावर टोकाकडून शेपटीकडं इस्त्री न थांबता सरकवायची. कुठंच थांबायचं नाही. नंतर गार होऊ द्या, अर्धा तास तरी.

आता स्क्रेपर, म्हणजे खरवडायची पट्टी. माझ्या मते सगळ्या अवजारांत ही सगळ्यात महत्त्वाची आणि लोकं हिच्याकडंच दुर्लक्ष करतात. नंबरप्लेट बनवणाऱ्याकडं 4-5 मिमी जाडीच्या अॅक्रेलिकचे उरलेले तुकडे असतात, तळहाताएवढा एक मागून घ्या. पण धार खुरप्यासारखी तिरपी लावायची नाही. कड अगदी काटकोनात पाहिजे, जुने सुतार काचेच्या तुकड्यानं लाकूड तासायचे ना, तशी. सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवा, पट्टी लाकडाच्या ठोकळ्याला टेकवून उभी धरा आणि घासा. बोथट पट्टीनं माणूस जोर लावतो, जोरानं वॅक्स निघत नाही, फासलं जातं. दोन-तीन स्की झाल्या की परत घासा. खरवडताना आधी मधली खाच साफ करा, त्यासाठी गोल टोकाची वेगळी काडी मिळते, कारण ती सटकली तरी तळावर अजून वॅक्सचा थर असतो, ओरखडा तळापर्यंत जात नाही. मग कडा, मग सपाट भाग.

शेवटी ब्रश, आधी मऊ पितळी, मग नायलॉन, दिशा कायम टोकाकडून शेपटीकडं. हार्डवेअरमधला गंज काढायचा तारेचा ब्रश चुकूनही नको.

किक वॅक्स इथं लावत बसू नका. आपल्या गरमीत ते डिंकासारखं हाताला चिकटतं, काहीच कळत नाही. ते तिकडं बर्फाचं तापमान बघून लावायचं, म्हणून बॅगेत साधा थर्मामीटर ठेवा. हिरवं जास्त थंडीला, निळं मधल्या थंडीला, जांभळं शून्याच्या जवळपास, लाल त्याच्या वर, डबीवर अंश लिहिलेले असतात. सोबत कॉर्क पाहिजे, म्हणजे बुचाच्या लाकडाचा नाहीतर सिंथेटिक ठोकळा. एक पातळ थर लावा, कॉर्कनं भराभर घासून गुळगुळीत करा, मग दुसरा, असे चार-पाच. एकदम जाड लेप दिला की बर्फ चिकटून स्कीला गोळे लागतात. पकड कमी वाटली तर वरून मऊ वॅक्स चालतं, पण मऊवर कडक बसत नाही, तेव्हा सुरुवात कडकपासून करा. विरघळून परत गोठलेल्या टणक बर्फावर डबीतलं वॅक्स टिकत नाही, तिथं ट्यूबमधलं क्लिस्टर नावाचं चिकट वॅक्स लागतं, तेवढा एकच चिकट पसारा सहन करावा लागतो.

घरी आल्यावर किकचा पट्टा आधी पट्टीनं खरवडून मग वॅक्स रिमूव्हरनं पुसा, ग्लाइडच्या भागाला ते लावू नका. मग ग्लाइडच्या भागावर नवीन वॅक्सचा जाड थर इस्त्री करा आणि खरवडू नका, तसाच राहू द्या, मे महिन्यात आपल्याकडं पारा 40 च्या वर असतो तेव्हा तळ कोरडा पडायला नको. स्की पत्र्याखाली किंवा माळ्यावर ठेवू नका, खालच्या गार खोलीत ठेवा, आणि क्लिस्टरची ट्यूब झाकण घट्ट लावून डब्यात उभी, नाहीतर ती वितळून सगळ्या बॅगेत पसरते.