कोर्टातल्या पदोन्नतीत शिक्षणावरून नाव अडतंय? या चुका टाळा

शिपाई, हमाल किंवा पहारेकरी म्हणून लागलेल्या कर्मचाऱ्याची वरच्या पदाची पाळी येते, निवड यादी लागते आणि त्यात नाव नसतं. मग अर्ज लिहिला जातो तो ज्येष्ठता डावलल्याचा. नाव अडलेलं असतं शैक्षणिक अर्हतेवर. चुकीच्या मुद्द्यावर केलेला अर्ज आस्थापना शाखा दोन ओळींत निकाली काढते आणि त्यात महिने निघून जातात. पदोन्नती हा हक्क नाही, पण नियमात बसत असाल तर विचार होणं हा घटनेच्या अनुच्छेद १६ खालचा हक्क आहे. म्हणून आधी पाहायचं ते नियमात बसतो का हेच. ज्येष्ठतेचा मुद्दा त्यानंतर येतो.

जाहिरात वाचून अर्हता ठरवणं

कनिष्ठ लिपिकाच्या सरळसेवा भरतीच्या जाहिरातीत पदवी, इंग्रजी ४० व मराठी ३० शब्द प्रति मिनिट टंकलेखन आणि संगणक प्रमाणपत्र मागितलेलं असतं. शिपाई-हमाल पदाला किमान सातवी पास पुरते. या दोन जाहिराती शेजारी ठेवून लोक पदोन्नतीचा अंदाज बांधतात. तो चुकतो. सेवाप्रवेश नियमात सरळसेवा आणि पदोन्नती यांच्या अटी वेगळ्या लिहिलेल्या असू शकतात. तुम्हाला लागू होते ती पदोन्नतीची अट. तीही त्या दिवशी अमलात असलेली, सर्व दुरुस्त्यांसह.

दुसऱ्या कोर्टाचा नियम दाखवणं हीसुद्धा मुंबईत नेहमी होणारी चूक. फोर्टचं नगर दिवाणी व सत्र न्यायालय, धोबीतलावचं लघुवाद न्यायालय आणि किल्ला कोर्टाची दंडाधिकारी आस्थापना यांच्या ज्येष्ठता याद्या वेगळ्या असतात. उच्च न्यायालयाच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांचे नियम अनुच्छेद २२९ खाली येतात, तर खालच्या न्यायालयांवर उच्च न्यायालयाचं नियंत्रण अनुच्छेद २३५ खाली चालतं. ‘तिकडच्या शिपायाला मिळाली, मग मला का नाही’ हा प्रश्न माणूस म्हणून बरोबर आहे, पण दोघांची आस्थापना एक नसेल तर याचिकेत तो टिकत नाही.

तारखेचा घोळ

सर्वाधिक प्रकरणं इथे बुडतात. परीक्षा मार्चमध्ये दिली, पात्रतेचा दिनांक १ एप्रिल आणि निकाल जूनमध्ये, तर त्या १ एप्रिलला तुम्ही पात्र नव्हता. अर्हता मिळते ती निकाल जाहीर झाल्याच्या दिवशी. परीक्षेच्या दिवशी नाही, पदवीदान समारंभाच्याही दिवशी नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये राकेश कुमार शर्मा प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. म्हणून गुणपत्रकावर निकालाची तारीख छापलेली नसेल तर मंडळाकडून किंवा विद्यापीठाकडून तसं पत्र आधीच घेऊन ठेवा.

याच घोळाचा दुसरा पदर जागेच्या तारखेचा. ‘जागा जुन्या नियमाच्या काळात रिकामी झाली, म्हणून मला जुनीच अर्हता लावा’ असं म्हणत १९८३ च्या रंगय्या निकालाचा दाखला आजही अर्जांत दिला जातो. २०२२ मध्ये हिमाचल प्रदेश राज्य विरुद्ध राज कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द ठरवला. आता पाहिलं जातं ते पदोन्नतीचा विचार होताना कोणता नियम अमलात होता. जुन्या दाखल्यावर उभा केलेला अर्ज पहिल्याच सुनावणीत कोसळतो.

‘वरची पदवी आहे, खालचं कशाला?’

एलएल.बी. झालेल्या शिपायाकडे टंकलेखनाचं प्रमाणपत्र नसेल आणि नियम ते मागत असेल, तर कायद्याची पदवी त्याची जागा घेत नाही. झहूर अहमद राथेर प्रकरणात (२०१८) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की वरच्या अर्हतेत खालची अर्हता आपोआप येते असं न्यायालय गृहीत धरणार नाही. समकक्षता ठरवणं नियुक्ती प्राधिकाऱ्याचं काम आहे.

टंकलेखनाचा कागद नीट वाचा. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या प्रमाणपत्रावर भाषा आणि वेग लिहिलेला असतो. इंग्रजी ३० आणि इंग्रजी ४० या वेगळ्या परीक्षा आहेत. मराठी ३० आहे म्हणून इंग्रजी ४० धरलं जात नाही. फाइलमध्ये ‘टायपिंग पास’ एवढंच लिहून दिलं की छाननीत नाव बाजूला पडतं आणि कर्मचाऱ्याला कारणही कळत नाही.

रात्रशाळेतून किंवा १७ नंबर फॉर्म भरून दहावी-बारावी केलेल्यांनी बिचकू नये. ते राज्य मंडळाचंच प्रमाणपत्र आहे. मुक्त विद्यापीठाच्या बाबतीत मात्र नियमाचे शब्द मोजून वाचावेत. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची, पूर्वतयारी (बारावी नसलेल्यांसाठीचा प्रवेशपूर्व अभ्यासक्रम) करून घेतलेली पदवी ही पदवीच. पण नियम ‘बारावी उत्तीर्ण’ मागत असेल, तर पूर्वतयारीचा दाखला म्हणजे बारावीचं प्रमाणपत्र नव्हे. पदवी न घेता मुक्त पद्धतीने थेट एम.ए. केलेल्यांची अडचण त्याहून मोठी. अण्णामलै विद्यापीठ प्रकरणात २००९ मध्ये अशी एम.ए. ग्राह्य धरली गेली नाही. परराज्यातल्या दूरस्थ विद्यापीठाला प्रवेश घेण्याआधी त्या वर्षासाठी आणि त्याच अभ्यासक्रमासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता होती का ते तपासा. फी भरल्यावर तपासून उपयोग नाही.

पदवी लपवून लागणं

भरतीच्या वेळी ‘जास्त शिकलेला’ म्हणून नाव कापतील या भीतीने पदवी लपवायची आणि पदोन्नतीच्या वेळी तीच पुढे करायची, हे फार धोक्याचं आहे. पदवीची तारीख रुजू होण्याआधीची निघते आणि पदोन्नती राहते बाजूला, मूळ नोकरीवरच नोटीस येते. पंजाब नॅशनल बँकेच्या शिपाईपदाच्या प्रकरणात (२०२०) पदवी लपवणाऱ्या उमेदवाराला सर्वोच्च न्यायालयाने दिलासा दिला नाही. तिथे पदवीधर अपात्र असल्याचं जाहिरातीतच लिहिलेलं होतं.

नोंद राहून जाणं

पदोन्नतीसाठी नावं तपासणारी समिती पाहते ती सेवापुस्तकातली नोंद. प्रमाणपत्र घरच्या कपाटात असून भागत नाही. शिक्षण सुरू करण्याआधी लेखी परवानगी मागा. निकाल लागला की लगेच अर्ज द्या: ‘बारावी परीक्षा उत्तीर्ण, निकाल दिनांक अमुक, आसन क्रमांक तमुक, साक्षांकित प्रत जोडली आहे, सेवापुस्तकात नोंद घ्यावी.’ दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घ्या. लग्नानंतर नाव बदललेल्या भगिनींनी राजपत्राची प्रत त्याच अर्जाला जोडावी. तात्पुरती ज्येष्ठता यादी फिरते तेव्हा अर्हतेचा रकाना स्वतः वाचा. चूक असेल तर परिपत्रकातल्या मुदतीतच हरकत नोंदवा.

चुकीच्या दारात जाणं

इतर सरकारी कर्मचारी मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) जातात, म्हणून कोर्टाचे कर्मचारीही तिकडे वळतात. प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, १९८५ च्या कलम २(सी) नुसार उच्च न्यायालय आणि त्याच्या अखत्यारीतल्या न्यायालयांचे कर्मचारी त्या कायद्यातून वगळलेले आहेत. तुमचा मार्ग अनुच्छेद २२६ खालची रिट याचिका. उच्च न्यायालयाच्या प्रशासकीय निर्णयाची तपासणी न्यायिक बाजूवर होते, त्यामुळे आपल्याच वरिष्ठांविरुद्ध कसं जायचं म्हणून कचरू नका.

कचरण्यात वेळ जातो आणि तोच नडतो. पदोन्नती डावलल्याची तक्रार सहा महिन्यांत, फार तर वर्षभरात यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने सदाशिवस्वामी प्रकरणात १९७४ मध्येच सांगितलं. एकामागून एक निवेदनं देत राहिल्याने मुदत वाढत नाही. एक मुद्देसूद निवेदन द्या, उत्तर आलं नाही तर वकील गाठा. ज्यांच्या पदोन्नतीला धक्का लागेल त्या सहकाऱ्यांना प्रतिवादी करायला विसरू नका, नाहीतर याचिका तिथेच अडेल.

माहिती अधिकारात सहकाऱ्याची गुणपत्रकं मागू नका, वैयक्तिक माहिती म्हणून नकार येतो. त्याऐवजी नियम, ज्येष्ठता यादी आणि समितीचं इतिवृत्त मागा.

पदावनतीची नोटीस आली तर

दिलेली पदोन्नती अर्हतेअभावी मागे घेतली जात असेल तर आधी नोटीस आणि म्हणणं मांडण्याची संधी मिळायला हवी. उत्तरात दोन मुद्दे वेगळे लिहा: पद राहावं का, आणि पगाराची वसुली व्हावी का. पद गेलं तरी वसुली रोखता येते. रफिक मसीह निकालाने (२०१४) तृतीय व चतुर्थ श्रेणीच्या कर्मचाऱ्यांकडून चुकून जास्त दिलेल्या वेतनाची वसुली करायला मनाई केली आहे. कर्मचाऱ्याने स्वतः खोटी माहिती दिली असेल तर हे संरक्षण मिळत नाही. वेतननिश्चितीच्या वेळी ‘जादा रक्कम परत करीन’ असं हमीपत्र दिलं असेल तर कार्यालय तेच पुढे करतं, म्हणून त्याची प्रत आधी काढून वकिलाला दाखवा.