फ्लॉवर शोची तयारी करताय? मग या चुका टाळा

नागपुरात जरा थंडी पडली की फ्लॉवर शोचे दिवस येतात, आणि शोच्या आठ-पंधरा दिवस आधी आमच्या गार्डन क्लबातल्या नवीन मंडळींचे फोन सुरू होतात. प्रश्न दरवर्षी तेच. कळ्या काहून उमलून नाही राहिल्या, आता कोणतं खत टाकू? अहो, शेवंतीचं काम पोळ्यापर्यंत आणि गुलाबाचं दसरा-दिवाळीच्या मधात झालेलं असावं लागते, शोच्या आठवड्यात फक्त कुंडी पुसायची उरते.

सगळ्यात जास्त घोळ शेवंतीत होतो, आणि तोही लाइटमुळे. शेवंतीला कळी धरायला मोठी रात्र लागते, रोज बारा-तेरा तास सलग अंधार. पॉलीहाऊसवाले मुद्दाम रात्री बल्ब लावून फूल लांबवतात ते याच्याचसाठी. आमच्या क्लबातल्या एका काकूंनी जून-जुलैत कटिंग लावले, पिंचिंग म्हणजे शेंडे खुडणं वेळेवर केलं, काड्या बांधल्या, सगळं एकदम व्यवस्थित. डिसेंबरात त्यांचा फोन, "दादा, झाडं हिरवीगार आहेत पण कळीचा पत्ता नाही, म्हणून दोनदा युरिया दिला." मी मुद्दाम रात्री गेलो त्यांच्याकडे. गेटवर एलईडी रात्रभर चालू, समोर रस्त्याचा दिवा, आणि कुंड्या बरोबर त्याच उजेडात रांगेनं मांडलेल्या. कोपऱ्यातली एक कुंडी तेवढी पाण्याच्या टाकीच्या सावलीत होती, तिच्यावर कळ्या टपोऱ्या झाल्या होत्या. बाकीच्यांवर नुसता पाला, वरून युरियानं तो अजून माजला. कुंड्या मागच्या अंगणात हलवल्या, पण कळी धरल्यापासून फूल यायला जातीप्रमाणे सात-दहा आठवडे लागतात, तो शो गेलाच. फार वाईट वाटलं, कारण मेहनतीत त्या कुठंच कमी पडल्या नव्हत्या. म्हणून मी सप्टेंबर लागला की रात्री गच्चीत एक चक्कर मारतो, जिथं दिव्याच्या उजेडात स्वतःची सावली पडते तिथं शेवंती ठेवत नाही. आणि पोळ्यानंतर शेंडा खुडणं बंद म्हणजे बंद, "अजून थोडी गोल झाली असती" म्हणत सप्टेंबरभर कात्री चालवणाऱ्यांची फुलं शो संपल्यावर येतात.

मोठ्या फुलाच्या शेवंतीत एका दांडीवर एकच कळी ठेवायची, बाजूच्या वाटाण्याएवढ्या झाल्या की बोटानं काढायच्या. जीव होत नाही म्हणून सगळ्या ठेवल्या की सगळीच फुलं लहान.

गुलाबाचं सांगतो. छाटणीपासून फुलापर्यंत साधारण ४५ ते ५० दिवस धरा आणि शोच्या तारखेपासून उलटे मोजा. १५ डिसेंबरचा शो असेल तर ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा. थंडी जास्त पडली तर अजून चार दिवस लागतात, म्हणून मी सगळी झाडं एकाच दिवशी छाटत नाही, तीन-चार दिवसांच्या फरकानं छाटतो. हायब्रीड टीच्या, म्हणजे लांब दांडीवर एक मोठं फूल येणाऱ्या गुलाबाच्या, स्पर्धेच्या वर्गात दांडीवर बाजूची कळी राहिली की एंट्री बाद होऊ शकते, आणि ती कळी शोच्या सकाळी तोडली तर ताजी जखम जजला लगेच दिसते, लहान असतानाच काढा. फूल दुपारी तोडू नका. आदल्या संध्याकाळी किंवा पहाटे, अर्धं-पाऊण उमललेलं, लांब दांडीसकट कापा आणि लगेच मानेपर्यंत पाण्यात, अंधाऱ्या थंड खोलीत. फ्रीजमध्ये ठेवत असाल तर आधी सफरचंद-केळी बाहेर काढा, त्यांच्या गॅसनं फूल लवकर गळते.

पानांना खोबरेल तेल चोळून चमक आणू नका, धूळ बसते आणि जज ओळखतात. ओलं फडकं पुरे.

आदल्या दिवशी नर्सरीतून फुलांनी भरलेली कुंडी आणून स्वतःच्या नावानं ठेवणं मला अजिबात पटत नाही, बहुतेक शोच्या नियमातही कुंडी काही महिने तुमच्याकडे वाढलेली लागते. नियमांचा कागद आधी वाचा, निम्म्या एंट्र्या चुकीच्या वर्गात जातात.

रोपांच्या अदलाबदलीत मिळालेलं कटिंग सरळ बाकीच्या झाडांत ठेवू नका, दोन आठवडे वेगळं ठेवा. पानाच्या बगलेत पांढरा कापूस दिसला की तो मिलीबग, तो एकदा जास्वंदीवर गेला की वर्षभर निघत नाही.

आणि क्लबाच्या मे महिन्यातल्या वर्कशॉपला मिळालेलं रोप त्याच दिवशी जमिनीत लावायची घाई नको. ४५ डिग्रीत आपली काळी माती भेगाळलेली असते. सावलीत, पिशवीतच पाणी देऊन सांभाळा, जूनचे दोन चांगले पाऊस झाले की लावा.