कुस्तीवरचा विनोदी चित्रपट लिहिताय? ‘नाचो लिब्रे’मधल्या या चुका टाळा

हॉलिवूडचा विनोदी नट जॅक ब्लॅक याचा ‘नाचो लिब्रे’ (२००६) पाहून हिरमोड झालेले लोक ‘कथेतच दम नव्हता’ म्हणून मोकळे होतात. दम होता की! मेक्सिकोत सेर्गियो गुतिएरेस बेनितेस नावाच्या फादरनी अनाथ मुलांचं पोट भरायला मुखवटा चढवला आणि ‘फ्राय तोर्मेंता’ या नावाने वीसेक वर्षं कुस्ती केली. चित्रपटाचं बीज तेच. बिघडलं ते लिहिताना. ढेरपोट्या, नवख्या माणसाला आखाड्यात उतरवणारी पटकथा तुमच्याही डोक्यात असेल, तर आधी हे तपासा.

हसू सुरुवातीलाच आटतंय? मग ढेरी हाच तुमचा विनोद झालाय. ब्लॅकची घट्ट विजार आणि ओढूनताणून काढलेला मेक्सिकन हेल पहिल्यांदा गुदगुल्या करतो, तिसऱ्यांदा कंटाळा आणतो. ढेरी राहू द्या, पण तिच्यामुळे पठ्ठ्याचं काहीतरी अडू द्या.

लढती लांबलेल्या वाटतात? इथली चूक सगळ्यात महागाची. मठातल्या अनाथ मुलांचा स्वयंपाकी इग्नासिओ (म्हणजेच नाचो, ब्लॅकची भूमिका) आणि त्याचा कुस्तीतला जोडीदार एस्केलेतो प्रत्येक लढत हरतात, तरी पैसे मिळतात. कल्पना गमतीची आहे, पण हरूनही मुलांच्या ताटात ताजी भाजी येत असेल तर पुढची लढत आपण श्वास रोखून का पाहावी? मग लेखकांनी नायकाला प्रसिद्धीची हाव लावली, आणि मुलं मागे पडली. प्रत्येक लढतीसमोर लिहून ठेवा: आज हरला तर उद्या मुलं काय खाणार? उत्तर ‘कालचंच’ असेल, तर ती लढत खुशाल कापा.

मुखवट्याचंही तेच. लुचा लिब्रेत, म्हणजे मेक्सिकोच्या मुखवटेवाल्या कुस्तीत, मुखवटा म्हणजे इभ्रत. मुखवटा पणाला लागलेल्या लढतीत हरणाऱ्याला भर आखाड्यात चेहरा दाखवावा लागतो. एल सांतो या तिथल्या दिग्गज मल्लाने १९८४ साली, मृत्यूच्या काही दिवस आधी, टीव्हीवर आपला मुखवटा जरासा वर केला आणि पुढे मुखवट्यासकटच त्याचं दफन झालं. इथे तर नायक ज्या मठात राहतो, तिथे कुस्तीच पाप! एवढा दारूगोळा हाताशी असताना गुपित फुटतं ते चर्चमध्ये, झग्याला आग लागून आतला पोशाख दिसल्यामुळे. प्रसंग हसवतो, पण शेवटच्या लढतीची हवाच काढून घेतो. गुपित आखाड्यासाठी राखून ठेवा.

खलनायक रामसेस झालेला ‘सिल्व्हर किंग’ खराखुरा लुचादोर, म्हणजे लुचा लिब्रेतला मल्ल होता. असा गडी मिळाला तर त्याला आखाड्याबाहेरही दोन-चार प्रसंग द्या, नुसता मार खायला उभा करू नका.

उचलावा तर हेक्तोर हिमेनेसचा एस्केलेतो. आपला विश्वास विज्ञानावर, असं सांगणारा हा हडकुळा चोर. लढतीआधी इग्नासिओ बेसावध गाठून त्याचं तोंड भांड्यातल्या पाण्यात बुडवतो आणि बाप्तिस्मा उरकतो. असे आणखी चार प्रसंग असते, तर बाकीच्या चुका पोटात घालता आल्या असत्या.