निक्सी ट्यूबमधला मंदावलेला आकडा पुन्हा कसा उजळावा

निक्सी ट्यूबचं (आकडे उजळवून दाखवणाऱ्या काचेच्या नळ्यांचं) घड्याळ महिनाभर नीट चालतं. मग ३० तारीख उजाडते, घड्याळ तारीख दाखवायला लागतं आणि पहिल्या ट्यूबमधल्या तीनचा खालचा अर्धा भाग काळाच राहतो. त्याच ट्यूबमधले ०, १ आणि २ मात्र झकास पेटतात. चोवीस तासांच्या घड्याळात तासांच्या दशकस्थानी या तिघांखेरीज काही येतच नाही. ज्या आकड्याला काम मिळत नाही, तो आजारी पडतो.

अमेरिकेच्या बरोज कंपनीने १९५५ च्या सुमारास या ट्यूब बाजारात आणल्या. काचेच्या आत निऑन वायू, समोर बारीक जाळीचा ॲनोड (प्लसचं टोक) आणि मागे एकामागे एक रचलेले दहा धातूचे आकडे. हे आकडे म्हणजे कॅथोड (मायनसचं टोक). ज्याला जोडणी मिळते, त्याच्याभोवती नारिंगी प्रकाशाचं आवरण तयार होतं. पण वायूतले आयन (विद्युतभार असलेले कण) त्या धातूवर सतत आदळत असतात आणि त्याचे कण उडवतात. हे कण शेजारच्या न पेटलेल्या आकड्यांवर जाऊन बसतात. थर जमला की तेवढ्या भागाला पेटायला जास्त व्होल्टेज लागतं आणि तो अंधारात राहतो. कण कमी उडावेत म्हणून पुढे ट्यूबमध्ये किंचित पारा घालू लागले. प्रवाह वाढवल्यावर आकड्याभोवती जी निळसर झाक दिसते, ती त्या पाऱ्याची.

म्हणजे इलाजही तोच. आजारी आकड्याला जास्त प्रवाहाने पेटवायचं, की आयन आदळून वरचा थर उडतो आणि खालचा स्वच्छ धातू उघडा पडतो.

आधी निदान

घाई इथेच नडते. मंद दिसणाऱ्या बऱ्याच ट्यूब मुळात धडधाकट असतात आणि दोष वीज पुरवणाऱ्या सप्लायमध्ये निघतो. सगळेच आकडे फिके असतील तर ट्यूबला हात लावू नका, आधी व्होल्टेज मोजा. १ पूर्ण पेटतो पण ० आणि ८ अर्धवट राहतात, असं दिसलं तर प्रवाह कमी पडतोय. या दोन आकड्यांची तार सगळ्यांत लांब, तेव्हा उपासमार त्यांनाच आधी जाणवते. एकाच वेळी दोन आकडे दिसत असतील तर संशय आकडे पेटवणाऱ्या ड्रायव्हर चिपवर (बहुधा ७४१४१ किंवा तिची रशियन बहीण के१५५आयडी१) किंवा बोर्डावरच्या ओलाव्यावर घ्या. मुंबईत जून ते सप्टेंबर हा दुसरा संशय हमखास खरा ठरतो. सोल्डरिंगनंतर न पुसलेला फ्लक्स (डाख नीट बसावा म्हणून लावलेला पदार्थ) दमट हवेत ओला होतो आणि ट्यूबच्या १८० व्होल्टला तेवढी वाट पुरते.

प्रकाश नारिंगी नसून जांभळट असेल तर काचेत हवा शिरली आहे. ती ट्यूब गेली, तिच्यावर वेळ घालवू नका. आकडा मुळीच पेटत नाही, कितीही व्होल्टेज दिलं तरी नाही, तर आतला जोड तुटला असावा. त्यालाही उपाय नाही.

राहिला तो खरा रुग्ण: बाकीचे आकडे लख्ख, एखाद-दुसरा अर्धवट, आणि अंधाराचा भाग दर वेळी तोच.

मोडीतून मिळालेल्या ट्यूबचं थोडं वेगळं असतं. चोर बाजारात मटण स्ट्रीटला किंवा शुक्रवारच्या जुम्मा बाजारात कधीकधी जुना फ्रीक्वेन्सी काउंटर (वारंवारता मोजायचं यंत्र) हाती लागतो. त्यातल्या ट्यूब कित्येक वर्षं पेटलेल्याच नसतात, त्यामुळे सुरुवातीला रेंगाळतात. त्यांना आधी नेहमीच्या प्रवाहावर काही तास चालू द्या, पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं. शिवाय निऑन पूर्ण काळोखात उशिरा पेटतं, तेव्हा परीक्षा खोलीतल्या उजेडात घ्या.

पिना साफ करा

काळ्या पडलेल्या पिना पेन्सिलच्या खोडरबराने हलक्या हाताने घासा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. आयएन-१४ या रशियन मॉडेलसारख्या लांब तारांच्या ट्यूबमध्ये तार काचेच्या मुळाशी कधीही वाकवू नका. तिथे तडा गेला की खेळ संपला. आयएन-१२ सॉकेटमध्ये बसते, तेव्हा सॉकेटमधल्या धातूच्या पट्ट्याही साफ करा.

सर्किट

सामान सगळं लॅमिंग्टन रोडला मिळतं: १२ व्होल्टचा ॲडाप्टर, व्होल्टेज कमीजास्त करता येणारं बूस्ट मॉड्यूल (१२ चे २०० व्होल्टपर्यंत वाढवणारं), २२ किलोओहमचे एक वॉटचे तीन रेझिस्टर, १ किलोओहमचा एक, ४७० किलोओहमचा अर्ध्या वॉटचा एक आणि प्लास्टिकचं आवरण असलेल्या क्रोकोडाइल क्लिपा.

घरातला २३० व्होल्टचा पुरवठा डायोडने सरळ करून वापरायचा मोह होईल. तो टाळा. त्यातून सव्वातीनशे व्होल्ट मिळतात आणि मेन्सपासून तुम्ही वेगळे राहत नाही. मॉड्यूलचे २०० व्होल्टही काही लाडाचे नाहीत. क्लिप हलवण्याआधी दर वेळी ॲडाप्टर काढा. ४७० किलोओहमचा रेझिस्टर मॉड्यूलच्या आउटपुटवर कायमचा जोडून ठेवा, म्हणजे कॅपॅसिटरमधला साठा आपोआप उतरतो. तरी मीटरने शून्य बघून मगच हात लावा.

जोडणी सोपी आहे. प्लसकडून २२ किलोओहम, तिथून ॲनोड. ज्या आकड्यावर काम करायचं त्याच्या पिनेकडून १ किलोओहम, तिथून मायनस. बाकीचे आकडे मोकळे सोडा. कोणती पिन कोणाची, हे त्या ट्यूबच्या डेटाशीटमध्ये पाहा. आकड्याऐवजी जाळीच उजळली तर जोडणी उलटी झाली आहे. मल्टीमीटर १ किलोओहमवर लावा: जितके व्होल्ट दिसतील तितके मिलिअँपिअर. मायनसच्या बाजूला मोजत असल्याने मीटरच्या तारांवर मोठं व्होल्टेज येत नाही.

पेटल्यावर ट्यूब स्वतः साधारण १४० व्होल्ट धरून ठेवते. २०० मधून ते गेले की उरतात ६०, आणि एकूण २३ किलोओहममधून येतो २.६ मिलिअँपिअर. आयएन-१२ आणि आयएन-१४ चा नेहमीचा प्रवाह याच्याच आसपास असतो. आयएन-१८ सारख्या मोठ्या ट्यूबना जास्त लागतो, तिथे रेझिस्टर त्या हिशेबाने कमी घ्या.

आता उपचार

पहिल्यांदा दहाही आकडे याच प्रवाहावर एकेक करून पेटवा आणि प्रत्येकाचा फोनवर फोटो काढून ठेवा. दोन दिवसांनी ‘बरं वाटतंय का’ हे डोळ्यांना नक्की सांगता येत नाही, फोटोला येतं.

मग आजारी आकडा जोडा आणि २२ किलोओहमच्या रेझिस्टरला दुसरा २२ किलोओहम समांतर लावा. प्रवाह दुप्पट होतो, सुमारे ५ मिलिअँपिअर. प्रत्यक्षात थोडा कमी भरेल, कारण प्रवाह वाढला की ट्यूबचं व्होल्टेजही चढतं. गणितावर नाही, मीटरवर विश्वास ठेवा. बहुतेक वेळा काळा भाग इथेच काठाकडून पेटू लागतो. तसं झालं की आणखी काही वाढवू नका, ट्यूब तशीच चालू ठेवा.

पहिला तास जवळ बसा. प्रकाश आकड्यापुरता आहे ना, की आतल्या आधाराच्या तारांवरही पसरतोय? पसरत असेल तर प्रवाह जास्त झाला. अधूनमधून बंद करून, साठा उतरल्यावर काचेला बोट लावा. कोमट चालेल, बोट ठेववत नसेल तर थांबा. काही आकडे तासाभरात स्वच्छ होतात, काही दोन-तीन दिवस घेतात. रात्री झोपताना मात्र हा प्रयोग चालू ठेवू नका.

अर्ध्या दिवसातही काळा भाग पेटायचं नाव घेत नसेल, तरच तिसरा २२ किलोओहम समांतर जोडा. हे सात मिलिअँपिअर झाले. दहा-पंधरा मिनिटं द्या आणि पेटला की पुन्हा पाचवर या. जास्त प्रवाहात याच आकड्याचे कण आता दुसऱ्यांवर आणि काचेवर उडतात. काचेवर चढलेली काळपट झाक कायमची असते, म्हणून हा टप्पा लांबवण्यात मला शहाणपण वाटत नाही. त्यापेक्षा दुप्पट प्रवाहावर दोन दिवस जास्त गेलेले बरे.

आकडा पूर्ण पेटला की नेहमीच्या प्रवाहावर परत आणा आणि पहिल्या फोटोशी ताडून पाहा. रात्रभर बंद ठेवून सकाळी पुन्हा पेटवा. तेव्हाही भरलेला दिसला तर काम झालं, कडा पुन्हा काळी दिसली तर आणखी काही तास द्या. शेवटी त्याचे शेजारीही एकदा पेटवून बघा.

काम करताना ट्यूब फुटलीच तर खिडक्या उघडा, पंखा बंद करा आणि झाडू वापरू नका. तुकडे जाड कागदाने उचला, बारीक चुरा चिकटपट्टीने टिपून घ्या आणि सगळं झाकणाच्या डब्यात भरा. पारा अगदी थोडा असतो, पण असतो.

पुन्हा होऊ नये म्हणून

घड्याळाच्या प्रोग्राममध्ये रोज पहाटे काही मिनिटं प्रत्येक ट्यूबवर ० ते ९ फिरवण्याची सोय असली पाहिजे. तयार घड्याळ घेताना हे आधी विचारा. जुन्या घड्याळात ती नसेल तर वर्षातून एकदोनदा तासांच्या दशकस्थानची ट्यूब सेकंदांच्या एककस्थानी बसवा, तिथे तिला दहाही आकडे दाखवावे लागतात.

आणि सगळं करूनही सात किंवा आठ अर्धाच राहिला, तर ती ट्यूब मिनिटांच्या दशकस्थानी लावा. तिथे पाचाच्या वर काही येत नाही.