सोफ्यावरून वायरलेस कीबोर्ड अक्षरं गाळत होता: माझा अनुभव

दादरच्या घरी टीव्हीला कॉम्प्युटर जोडलाय. दहा फुटांवरच्या सोफ्यावरून टाइप केलं की अक्षरं गळायची, नाहीतर एकच अक्षर सात-आठदा उमटायचं. जवळ गेलं की सगळं ठीक. सेल बदलले, नवा कीबोर्डही आणला, तेच. फार वैतागलो होतो.

दोष रिसीव्हरच्या, म्हणजे कीबोर्डचा सिग्नल पकडणाऱ्या, यूएसबी पोर्टात खोचायच्या छोट्या तुकड्याच्या, जागेत होता. तो कॉम्प्युटरच्या मागे, निळ्या यूएसबी ३.० पोर्टात, हार्ड डिस्कला खेटून होता. यूएसबी ३.० चा रेडिओ-गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच पसरतो, आणि कीबोर्डचा सिग्नलही तिथलाच.

आधी काळ्या यूएसबी २.० पोर्टात एक मीटरची एक्स्टेन्शन केबल लावली. तिच्या टोकाला रिसीव्हर. ते टोक टीव्हीच्या खालच्या कडेला, सोफ्यासमोर चिकटवलं. मग कॉम्प्युटरचं वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर नेलं, म्हणजे २.४ वर त्याचीही गर्दी नको.

आता स्वयंपाकघराच्या दारातूनही अक्षर चुकत नाही. नवा कीबोर्ड घेण्याआधी ही केबल लावून बघाच.