डाएट चालू, जिम चालू, पण भूकच लागत नाही... मग खायचं कसं?

मागच्या एप्रिलमधली गोष्ट सांगते, म्हणजे मी हे का लिहितेय ते कळेल. सकाळी सहाला जिम, तिथनं घरी येऊन अंघोळ, मुलांचे डबे, मग ऑफिस. सोलापूरचा एप्रिल म्हणजे दहा वाजताच बाहेर भट्टी पेटलेली असते, दुपारी पारा ४२च्या वरही जातो. घरी येईपर्यंत अन्नावरची वासनाच उडालेली असायची. दोन कप चहा, दुपारी अर्धी भाकरी, एक वाटी काकडी टोमॅटो, रात्री थोडं ताक-भात. आणि मला मनातनं आनंद व्हायचा की बघा, भूकच लागत नाही, डाएट किती सोपं जातंय! सहा आठवड्यांनी आंघोळीच्या वेळी जाळीवर केसांचा गुंता दिसायला लागला, ४० किलोचं स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन उठाबशा) करायचे ते ३० वर आलं, आणि एवढ्या उन्हाळ्यात एसीत बसले की हातापायाची बोटं गार पडायची. वजनकाटा तर तीन आठवडे जागचा हलला नव्हता.

त्या दिवशी वहीत लिहून काढलं काय काय खाल्लं ते, हिशोब आला ९०० कॅलरीच्या आसपास. म्हणजे मी उपाशी होते आणि मला कळतही नव्हतं.

तर पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा, डाएट आणि व्यायाम दोन्ही चालू असताना भूक हा मीटर भरवशाचा राहत नाही. जोराचा व्यायाम झाला की भूक लावणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन काही काळ खाली जातं, पोट भरल्याचा निरोप देणारी हार्मोन्स वर जातात, आणि रक्त पोटाकडनं स्नायूंकडं वळलेलं असतं त्यामुळं घास नकोसा होतो. ऊन असेल तर अजूनच. त्यात आपण डाएट म्हणून काय खातो तर सॅलड, सूप, मोड आलेली कडधान्यं, सगळं पोट फुगवणारं आणि कॅलरी कमी. पोट डब्ब होतं, शरीराला मिळत काहीच नाही. वरनं चहा. आणि ज्यांना तंबाखू मावा सिगरेटची सवय आहे त्यांची भूक निकोटिन मारतंच, ते वेगळं.

कमी खाल्लं तर जास्त बारीक होऊ असं वाटतं ना, मग हे ऐका, उपासमारीनं शरीराचं काय होतं ते बघायला १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटाला एक प्रयोग झाला होता. ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने रोज साधारण १५७० कॅलरीवर ठेवलं आणि आठवड्याला पस्तीस एक किलोमीटर चालायला लावलं. अशक्तपणा, सतत थंडी वाजणं, चिडचिड, उदासी, केस गळणं, सगळं झालं त्यांना. तरण्याताठ्या पोरांना! आणि आपल्याकडं बायका १२०० चा आकडा कुठंतरी वाचतात आणि त्याच्याही खाली जाऊन जिमला जातात. माझं ऐका, नका करू असं.

आधी आपला आकडा काढा, पाच मिनिटांचं काम आहे. वजन किलोत गुणिले १०, अधिक उंची सेंटीमीटरमध्ये गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५, मग बाईसाठी १६१ वजा करायचे आणि पुरुषासाठी ५ मिळवायचे. माझं ७४ किलो, १६० सेमी, ३६ वर्षं, म्हणजे ७४० + १००० - १८० - १६१ = १३९९. नुसतं पडून राहिले तरी शरीराला एवढं लागतं. बैठं काम आणि आठवड्यातनं चार दिवस व्यायाम असेल तर याला दीडने गुणा, २१०० झाले. वजन कमी करायचंय तर त्यातनं ३०० ते ४०० काढा, बास. माझा आकडा १७०० ते १८००. मी ९०० खात होते. यात आठवड्याला ३००-४०० ग्रामच उतरतं, हळू आहे, पण जे उतरतं ते चरबीचं जास्त आणि स्नायूंचं कमी. प्रोटीन वजनाच्या किलोमागं १.२ ग्राम तरी पाहिजे, वजनं उचलत असाल तर १.६ पर्यंत. (किडनीचा त्रास असणाऱ्यांनी हा प्रोटीनचा आकडा डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका.)

आता खायचं कसं. भुकेची वाट बघायची नाही, घड्याळ बघायचं. मी मोबाईलला पाच अलार्म लावले होते, पावणेसहा, आठ, दहा, दीड, पाच, आणि रात्री साडेआठला घरची पंगत असतेच. पहिले आठ दहा दिवस जड गेलं, अलार्म वाजला की कंटाळा यायचा. तरी चार घास तरी खायचेच असं ठरवलेलं. दहा बारा दिवसांनी काय झालं तर दीडच्या अलार्मच्या आधीच पोटात कावळे ओरडायला लागले. रोज ठरल्या वेळी अन्न गेलं की शरीर त्या वेळेला तयार राहतं, हे मी स्वतः अनुभवलंय.

दुसरं म्हणजे घास छोटा पण दमदार. आणि इथं आपण सोलापूरकर खरंच नशीबवान आहोत. शेंगाची चटणी बघा ना. शंभर ग्राम शेंगदाण्यात ५६०-५७० कॅलरी आणि २५-२६ ग्राम प्रोटीन असतं, म्हणजे चटणीचा एक भरलेला चमचा साठ कॅलरीला जातो, आणि तो खायला पोटात जागा किती लागते? काहीच नाही. मी डाएट सुरू केल्यावर सगळ्यात आधी हीच चटणी बंद केली होती, तेलकट म्हणून. सासूबाईंनी एकदा विचारलं पण होतं, "अगं पोटात काही नसेल तर अंगात जोर कुठनं येणार?" तेव्हा ऐकलं नाही.

आता माझं दुपारचं ताट सांगते, कारण भूक नसताना हेच एक उतरतं. कडक भाकरी घ्यायची, ज्वारीची, हातानं चुरायची बारीक, मोठे तुकडे ठेवू नका दाताला लागतात. त्याच्यावर वाटीभर घट्ट दही, दही फ्रीजमधलं गार असलं पाहिजे. चटणी वरनं भुरभुरायची नाही, दह्यात आधी कालवून घ्यायची म्हणजे तिखटपणा सगळीकडं सारखा लागतो आणि लसणाचा वास उठतो. जिऱ्याची फोडणी एक चमचा तेलाची, त्यातच ४० कॅलरी आल्या. पाच मिनिटं तसंच ठेवायचं, चुरा दही पितो आणि मऊ होतो, पण मधे मधे एखादा कण कुरकुरीत राहतो. गार, आंबट, तिखट, चावायचे कष्ट नाहीत. उन्हातनं आलेल्या माणसाला गरम पोळी भाजी समोर आली की नको वाटतं, हे मात्र जातं. सोबत मटकीची उसळ वाटीभर, ती आधी खायची, प्रोटीन तिच्यात आहे.

जिमहून आल्या आल्या तर चावूच नका काही, प्या. पातळ गोष्टीनं पोट लवकर भरल्यासारखं होत नाही, वजन कमी करताना एरवी हाच तोटा असतो पण आपल्यासारख्यांच्या तो कामी येतो. फुटाणे सालं काढून मिक्सरला लावून पीठ करून डब्यात भरून ठेवा, रोज ३० ग्राम पीठ, एक ग्लास गायीचं दूध, दोन खजूर, चिमूटभर वेलची, घुसळून प्यायचं. तीनशेच्या जवळपास कॅलरी आणि बारा तेरा ग्राम प्रोटीन दोन मिनिटांत गेलं पोटात. दूध पचत नसेल तर तेच पीठ ताकात, मीठ जिरं घालून, कॅलरी थोड्या कमी होतील एवढंच.

बाकीचा दिवस थोडक्यात. जिमच्या आधी एक केळं. दहा वाजता तीन अंडी आणि एक धपाटं, अंडी खात नसाल तर पनीरची भुर्जी. पाचला मूठभर फुटाणे. रात्री भात आणि सोयाबीन वड्यांची नाहीतर पनीरची भाजी. एवढ्यात माझे १७००-१८०० होतात आणि प्रोटीन ८५ च्या पुढं जातं. भाकरी दोनदा नको वाटते म्हणून रात्री भात ठेवलाय, भात मऊ असतो, सहज जातो, भातानं वजन वाढतं ही भीती सोडा, एकूण आकडा पाळला की झालं.

काही बारीक गोष्टी राहिल्या. जेवायच्या आधी तांब्याभर पाणी पिऊ नका, पाणी दोन जेवणांच्या मधे प्या. पण उन्हाळ्यात पाणी कमी करायचं नाही हं, अंगातलं पाणी कमी झालं तरी भूक मरते, म्हणून घाम जास्त गेला की लिंबू सरबत मीठ घालून. चहा जेवणाला चिकटून नको, तासाभराचं अंतर ठेवा, चहानं भूकही मरते आणि अन्नातलं लोहही नीट लागत नाही. सॅलड बंद करू नका, फक्त ताटात शेवटी खा. आणि उन्हाळ्यात व्यायामाची वेळ लवकर करा, मी आता साडेपाचला जाते आणि दर दोन दिवसांनी जिमच्या ऐवजी सिद्धेश्वर तलावाच्या बाजूनं नुसतं चालते, रोज जीव तोडून घाम काढला तर भूक परत येणार कशी.

वजनकाट्याला रोज विचारू नका, आठवड्याच्या सात आकड्यांची सरासरी काढा. मी खाणं जवळजवळ दुप्पट केलं तेव्हा पहिल्या आठवड्यात सव्वा किलो वाढलं, मला रडू आलं होतं. ते पोटातलं अन्न आणि पाणी असतं, चरबी नसते, पंधरा दिवस कळ काढा. माझं तिसऱ्या आठवड्यापासनं उतरायला लागलं, स्क्वॉट परत ४० वर गेलं, केसांना मात्र चार महिने लागले.

आता हे नीट वाचा. भूक न लागण्याचं कारण दर वेळी ऊन आणि जिम नसतं. डाएट न करता वजन उतरतंय, संध्याकाळी ताप येतो, खोकला जात नाही, डोळे पिवळे दिसतात, पाळी दोन तीन महिने आली नाही, चक्कर येते, किंवा काहीच नको वाटतं, माणसं पण नको वाटतात, तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरांकडं जा. साधी रक्त तपासणी, हिमोग्लोबिन, बी १२, थायरॉईड, यातनं बरंच कळतं. शुगरची गोळी मेटफॉर्मिन चालू असेल किंवा वजन कमी करायची हल्लीची इंजेक्शनं घेत असाल तर त्यांनीही भूक कमी होऊ शकते, डॉक्टरांना तसं सांगा. आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर भूक नाही म्हणून जेवण चुकवायचंच नाही, शुगर एकदम खाली जाते.

खायला भीती वाटत असेल, एक घास जास्त गेला तर रात्रभर मन खात असेल, तर तेही डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला मोकळेपणानं सांगा. माझ्या जिममधली एक मुलगी असंच म्हणाली होती, ताई मला भूक नसते असं मी सगळ्यांना सांगते, पण खरं म्हणजे मला खायची भीती वाटते. तिला अलार्म आणि चटणीचा उपयोग नव्हता. मी तिच्या आईशी बोलले, दोघी जाऊन आल्या डॉक्टरांकडं, आता ती दुपारचा डबा आणते आणि आम्ही शनिवारी एकत्र बसून खातो.