वाळवलेले टोमॅटो विकत घेताना

संकेश्वर-निपाणीकडच्या घरांत वाळलेली मिरची कशी पारखावी हे कुणाला शिकवावे लागत नाही. मूठभर मिरच्या कानाशी धरून हलवल्या आणि आतले बी खुळखुळले, की माल नीट वाळला आहे असे समजतात. बेळगावातल्या मोठ्या किराणा दुकानांतून पाकिटात किंवा तेलाच्या बरणीत मिळणारे वाळवलेले टोमॅटो घेताना मात्र ही कसोटी उलटी लावावी लागते. चांगली फोड चामट असते. ती बोटांनी दुमडली तर दुमडते, तुटत नाही आणि बोटाला चिकटतही नाही. कडकडीत होऊन तडकणारी फोड प्रमाणाबाहेर वाळलेली किंवा जुनी असते. याउलट, ज्या फोडी ओलसर लागतात आणि एकमेकींना चिकटून गोळा झालेल्या असतात त्या अर्धवट वाळलेल्या असून, आपल्याकडच्या पावसाळ्यातील सादळत्या हवेत त्यांना बुरशी धरायला फार दिवस लागत नाहीत. पाकीट बंद असले तरी वरून हलकेच दाबून एवढे समजते.

रंगावर भुलू नये. ताज्या टोमॅटोत सुमारे ९५ टक्के पाणी असते आणि ते उन्हात कित्येक दिवस आटत असताना फोडीचा रंग गडद होत विटकरीकडे झुकणे स्वाभाविक आहे. फोडी झगझगीत लाल दिसत असतील, तर रंग टिकवण्यासाठी बहुधा गंधकाचे परिरक्षक वापरलेले असते; घटकांच्या यादीत ते आयएनएस २२० किंवा २२३ अशा क्रमांकाने छापलेले आढळते. त्याच्या वापरास परवानगी आहे, परंतु दम्याच्या काही रुग्णांना त्याचा त्रास होतो, म्हणून घरात तसे कोणी असल्यास विटकरी मालच घ्यावा. माझी स्वतःची पसंतीही त्यालाच आहे. पार काळ्या पडलेल्या आणि करपट वासाच्या फोडी मात्र विटकरी म्हणून गळ्यात मारल्या जातात, त्या घेऊ नयेत.

फोडीवरचे पांढरे ठिपके पाहून अनेकजण पाकीट परत ठेवतात, तेही दर वेळी बरोबर नसते. टोमॅटो वाळवताना कापलेल्या बाजूवर मीठ भुरभुरतात आणि पाणी उडाल्यावर त्याचेच कण वर दिसू लागतात. हे कण कोरडे व टोकदार असतात आणि पाण्याचा थेंब पडताच विरघळतात. बुरशीला लव असते, ती हिरवट किंवा राखाडी दिसते आणि तिचा कुबट वास लपत नाही. सुटा माल असल्यास दुकानदाराकडून एक फोड मागून चावून पाहावी, म्हणजे खारटपणाबरोबर मातीची कचकचही तिथेच कळते.

एक किलो वाळलेल्या मालाला साधारण ८ ते १४ किलो ताजे टोमॅटो लागतात, त्यामुळे फारच स्वस्त पाकीट दिसल्यास मीठ किंवा ओलावा जास्त असल्याची शंका घ्यावी. ‘डिहायड्रेटेड’ असे छापलेले टोमॅटो यंत्रात वाळवलेले असतात. ते वाईट नसतात, पण उन्हात वाळवलेल्याचा भाव त्यांना देऊ नये.

तेलातल्या बरणीचे घटक नीट वाचावेत. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. तेलाचे नाव पहिले असेल, तर आपण मुख्यतः तेलच विकत घेत आहोत. समोर ठळक अक्षरांत ऑलिव्ह आणि मागे बारीक अक्षरांत सूर्यफूल, असाही प्रकार असतो. निथळलेले वजन, म्हणजे तेल काढून नुसत्या फोडींचे वजन, दिले असेल, तर किमतीची तुलना त्याच्याशी करावी. झाकण फुगलेले किंवा कडेने तेल झिरपलेले असल्यास बरणी घेऊ नये. उघडल्यावर ती फ्रिजमध्ये ठेवावी, फोडी तेलाखाली बुडालेल्या राहतील एवढे पाहावे आणि चवीसाठी कच्चा लसूण घालून ती बाहेर ठेवू नये, कारण तेलाखाली हवा पोहोचत नसल्याने बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जंतू वाढण्याचा धोका असतो. कोरडे पाकीट पावसाळ्यात लहानच घ्यावे आणि फोडण्याच्या दिवशीच उरलेला माल घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरावा.